वादळ एका दिवसाचे, मरण सहा महिन्यांचे

२० सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी ‘मारिया’ हे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको या बेटावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. आग्नेयेकडील याबुकोआ या गावाजवळ ते जमिनीवर शिरले, बेट तिरके ओलांडले आणि त्याच दिवशी उत्तरेकडच्या समुद्रात उतरले. डिसेंबरपर्यंत तिथल्या सरकारने या वादळाचे ६४ बळी नोंदवले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच सरकारला आकडा बदलावा लागला. नवा आकडा होता २,९७५.

पहिल्या आकड्यात मुख्यतः ती माणसे होती, ज्यांच्या मरणाचा वादळाशी असलेला संबंध डोळ्यांना दिसला आणि कागदावर लिहिला गेला. बाकीची माणसे घरात, दवाखान्यात, ऑक्सिजनच्या बंद पडलेल्या यंत्राशेजारी, आठवड्यांनी आणि महिन्यांनी मेली. वारा थांबला होता. त्यांना मारले ते बंद पडलेल्या व्यवस्थेने. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानावर घेत आहोत. संकटानंतर माणूस नेमका कशाने मरतो आणि ते मरण मोजलेच गेले नाही तर काय होते, या दोन गोष्टी पोर्तो रिकोच्या अनुभवातून स्पष्ट होतात.

नागरिक आहेत, मत नाही

पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तरीही बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. अमेरिकी संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, पण त्याला अंतिम मतदानाचा अधिकार नाही. वादळाच्या वेळी लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते. बेटाच्या सरकारवर ७० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. कर्जवसुलीसाठी अमेरिकी संसदेने २०१६ मध्ये एक देखरेख मंडळ नेमले होते. सरकारी वीज कंपनी वादळाच्या दोन महिने आधीच दिवाळखोरीत गेली होती. खांब जुने, तारा जुन्या, दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडलेली. वादळ आले ते अशा घरावर, ज्याचे वासे आधीच पोखरलेले होते.

वीज गेली म्हणजे काय काय गेले

मारियाने संपूर्ण बेटाची वीज घालवली. शेवटच्या घरांपर्यंत ती परत यायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला, म्हणजे जवळजवळ अकरा महिने लागले. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला अंधार मानला जातो. हार्वर्ड विद्यापीठाच्या पथकाने २०१८ च्या सुरुवातीला ३,२९९ घरी जाऊन पाहणी केली. वादळापासून वर्षअखेरपर्यंतच्या काळात एका घराने सरासरी ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस नळाच्या पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाइलच्या रेंजविना काढले होते. डोंगराळ आणि दुर्गम भागांत हे दिवस आणखी जास्त होते.

धडधाकट माणसाला वीज गेल्याचा त्रास होतो, पण आजारी माणसाचा तर जीव विजेवर टांगलेला असतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते. एका वेळेला चार तास यंत्र चालते आणि सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. वीज नाही म्हणजे यंत्र नाही, आणि पंप नाही म्हणून पाणीही नाही. केंद्रे जनरेटरवर चालवायची तर डिझेल हवे. डिझेल बंदरात होते, पण रस्ते बंद आणि चालक मिळत नव्हते. डिझेल पुरवून वापरण्यासाठी अनेक केंद्रांनी चार तासांचे डायलिसिस तीन तासांवर आणले. अशा रुग्णाच्या शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जाते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस अचानक जातो. मृत्यूच्या दाखल्यावर मग ‘हृदयविकार’ एवढेच लिहिले जाते.

पूर्वेकडच्या व्हिएकेस या लहान बेटावरचे एकमेव रुग्णालय वादळाने निकामी केले. तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा लहान विमानात बसवून मुख्य बेटावर न्यावे लागे. आजारी, थकलेल्या माणसाने हा प्रवास वर्षानुवर्षे करायचा, अशी वेळ आली.

मधुमेही रुग्णाच्या इन्सुलिनला फ्रिज लागतो. दमेकऱ्याच्या नेब्युलायझरला आणि फुप्फुसाच्या रुग्णाच्या ऑक्सिजन यंत्राला प्लग लागतो. फोन बंद असल्यामुळे रुग्णवाहिका बोलावता येत नव्हती. रस्त्यांवर दरडी आणि झाडे पडलेली, त्यामुळे औषधाचे दुकान उघडे असले तरी तिथे पोचता येत नव्हते. हार्वर्डच्या पाहणीत लोकांनी सांगितलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार उशिरा मिळाल्याने किंवा मधेच खंडित झाल्याने झाले होते.

पाणी आणि उंदराच्या लघवीतला ताप

पंप बंद पडले की नळ बंद होतात आणि सांडपाण्याचे शुद्धीकरणही थांबते. लोक ओढ्यावर जाऊ लागले, डोंगरातून येणारे झऱ्याचे पाणी पिऊ लागले, त्यातच कपडे धुऊ लागले. काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे संशयित रुग्ण वाढल्याचे तिथल्या आरोग्य खात्याने जाहीर केले. काही रुग्ण दगावले.

हा आजार उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होतो. पायावरच्या जखमेतून, भेगांतून, डोळ्यांतून किंवा तोंडावाटे जंतू शरीरात शिरतात. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि लाल डोळे ही त्याची लक्षणे आहेत. वेळेवर साधी प्रतिजैविके दिली तर रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर हल्ला होतो. म्हणजे औषध माहीत आहे, स्वस्त आहे. प्रश्न फक्त ते रुग्णापर्यंत वेळेत पोचण्याचा असतो. पोर्तो रिकोत नेमका तिथेच दोर तुटला होता.

सरकार कुठे कमी पडले

*साठा नव्हता.* अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे, ‘फेमा’चे, बेटावर गोदाम होते. दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या इर्मा वादळात त्यातला बहुतांश माल शेजारच्या बेटांकडे गेला आणि तो भरून निघण्याआधीच मारिया आले. साठा आणि माणसे दोन्ही अपुरी होती, हे फेमाने जुलै २०१८ मध्ये स्वतःच्याच अहवालात मान्य केले.

*मदत सारखी नव्हती.* त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन परिसराला हार्वी वादळाने झोडपले होते. हार्वीनंतर नऊ दिवसांत तिथे केंद्राची सुमारे ३०,००० माणसे पोचली होती. मारियानंतर तितक्याच दिवसांत पोर्तो रिकोत ती सुमारे १०,००० होती. छपरावर टाकायच्या ताडपत्र्या ह्यूस्टनला २०,००० हून अधिक गेल्या, पोर्तो रिकोला सुमारे ५,०००. बेटावर माल नेणे अवघड असते, हे खरे. पण बेट कुठे आहे हे वादळाआधीही ठाऊक होते.

*कंत्राटे नको त्यांना गेली.* विजेच्या तारा उभारण्याचे ३० कोटी डॉलरचे काम अशा एका कंपनीला मिळाले, जिच्याकडे वादळाच्या वेळी फक्त दोन पूर्णवेळ कर्मचारी होते. ओरड झाल्यावर ते रद्द करावे लागले. तीन कोटी जेवणाची पाकिटे पुरवण्याचे १५.६ कोटी डॉलरचे कंत्राट एकाच व्यक्तीच्या कंपनीला दिले गेले. जेवणे पोचली ५०,०००.

*आलेली मदत पडून राहिली.* ‘कम्फर्ट’ हे २५० खाटांचे रुग्णालय-जहाज ३ ऑक्टोबरला आले. पण रुग्णाला जहाजावर पाठवायचे कसे आणि कुणाच्या परवानगीने, याचा गोंधळ चालू राहिला आणि बहुतेक खाटा रिकाम्या राहिल्या. वर्षभरानंतर एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांच्या हजारो थप्प्या उन्हात पडलेल्या आढळल्या. जानेवारी २०२० मध्ये भूकंपानंतर पोन्से शहरातल्या गोदामात न वाटलेले मदतीचे सामान लोकांनीच शोधून काढले. त्यावरून आपत्ती विभागाच्या प्रमुखाला घरी जावे लागले.

*कागद मागितला.* घरदुरुस्तीच्या मदतीसाठी मालकीचा पुरावा हवा होता. पोर्तो रिकोत पिढ्यान् पिढ्या वडिलांच्या जागेत मुलाने, मुलाच्या जागेत नातवाने घर बांधायचे, अशी रीत आहे. नोंदणीचा कागद अनेकांकडे नव्हताच. हजारो अर्ज याच कारणाने फेटाळले गेले आणि ती कुटुंबे निळ्या ताडपत्रीखाली पुढच्या पावसाळ्यात शिरली. ओल, बुरशी आणि डास यांच्याबरोबर राहणाऱ्या लहान मुलांचे व म्हाताऱ्यांचे आरोग्य काय होते, हे गळक्या छपराखाली राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

मेलेली माणसे मोजायची कशी

वादळात भिंत कोसळून माणूस मेला तर तो थेट मृत्यू. वादळामुळे वीज गेली, ऑक्सिजनचे यंत्र थांबले आणि माणूस मेला तर तो अप्रत्यक्ष मृत्यू. वैद्यकीय नियमांप्रमाणे दोन्ही वादळाचेच बळी आहेत. पण त्यासाठी दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरने कारणांच्या साखळीत वादळाचा उल्लेख करायला हवा. पोर्तो रिकोतल्या बहुतेक डॉक्टरांना हे कधी शिकवलेच नव्हते. त्यांनी दाखल्यावर मधुमेह, न्यूमोनिया, हृदयविकार, जंतुसंसर्ग असे लिहिले. यातले काहीच खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बेटावर आले, तेव्हा अधिकृत आकडा १६ होता. कॅटरिनासारख्या ‘खऱ्या’ संकटात हजारो गेले होते, असे सांगून त्यांनी या लहान आकड्याबद्दल समाधान व्यक्त केले.

अशा वेळी संशोधक दुसरी पद्धत वापरतात. मागच्या वर्षांत त्याच महिन्यांत किती माणसे मेली होती ते पाहायचे, लोकसंख्येतला बदल धरायचा आणि या वर्षी त्यापेक्षा किती जास्त मेली ते काढायचे. याला ‘जादा मृत्यू’ म्हणतात. प्रत्येक दाखल्यावर काय लिहिले आहे याच्याशी या हिशेबाला देणेघेणे नाही. मेलेला माणूस नोंदवहीत आला की तो मोजला जातो.

हार्वर्डच्या पथकाने मे २०१८ मध्ये ४,६४५ जादा मृत्यूंचा अंदाज दिला. तो घरोघरच्या नमुना पाहणीवरून काढला असल्याने खरा आकडा सुमारे ८०० ते ८,५०० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, हे त्यांनी त्याच लेखात सांगितले होते. त्यानंतर लोकांनी राजधानी सान हुआन येथे विधिमंडळासमोर मृतांच्या चपला-बुटांचे जोड आणून मांडले. शेकडो जोड होते. तिथल्या शोधपत्रकारांनी मृत्यूंची माहिती मिळवण्यासाठी न्यायालयात दावा लावला होता. जूनमध्ये न्यायालयाने ती उघड करायला लावली. ऑगस्टमध्ये गव्हर्नरनेच नेमलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने मृत्यूच्या नोंदींवरून सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात २,९७५ जादा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष काढला आणि सरकारने तो स्वीकारला. ट्रम्प यांनी मात्र तीन हजार माणसे मेलीच नाहीत, असे म्हणत तो नाकारला.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वांत गरीब भागांत मरण्याचा धोका ४५ टक्क्यांनी वाढलेला होता आणि तो फेब्रुवारीपर्यंत तसाच टिकून राहिला. सुखवस्तू भागांत धोका काही काळाने उतरला. ६५ वर्षांवरील पुरुषांचाही धोका शेवटपर्यंत चढा राहिला. वारा सगळ्यांच्याच अंगावर आला होता. पण ज्यांच्याकडे जनरेटर, गाडी आणि पैसा होता, त्यांचे वादळ लवकर संपले. गरिबाचे वादळ सहा महिने चालले.

आकडा लहान राहिला तर काय होते

६४ हा आकडा तसाच राहिला असता, तर सरकारने काम ठीक केले, असाच निष्कर्ष निघाला असता. मृत्यूंच्या आकड्यावर मदतीची निकड ठरते, पुढच्या वेळचा साठा ठरतो, दवाखान्यांच्या जनरेटरचा खर्च मंजूर होतो. अंत्यसंस्काराच्या मदतीसाठीही मृत्यूचा वादळाशी संबंध दाखवावा लागतो. ज्याची नोंद नाही, त्याच्या घरच्यांना मदत नाही आणि त्याच्या मरणातून कुणी काही शिकतही नाही. १८ सप्टेंबर २०२२ रोजी फिओना हे मारियापेक्षा बरेच दुबळे वादळ आले, तरी पाच वर्षांनंतर पुन्हा सगळ्या बेटाची वीज गेली.

आपल्याकडे याचा अर्थ काय

महाराष्ट्राला हे अनुभव परके नाहीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर ओसरल्यावर काही दिवसांनी लेप्टोची साथ आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती.

दाखल्यावरच्या एका शब्दाची किंमतही आपण पाहिली आहे. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा दाखल्यावर ‘कोविड’ लिहिलेले नसलेल्या घरांना सिद्ध करत बसावे लागले. नैसर्गिक आपत्तीतल्या मृत्यूसाठी आपल्याकडे वारसांना ४ लाख रुपयांची मदत आहे. तिथेही मृत्यूच्या कारणाचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे पुढील गोष्टी प्रत्येक वस्तीने पावसाळ्याआधी करून ठेवाव्यात.

१. रुग्णांची यादी. डायलिसिस, इन्सुलिन, ऑक्सिजन, फिट्सची किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असलेली माणसे, गरोदर महिला, अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांची यादी आशाताईंच्या मदतीने करा. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, एक मंडळाकडे कागदावर ठेवा. फोन बंद पडला की मोबाइलमधली यादी उपयोगाची नाही. प्रत्येक नावापुढे ‘घरी कोण जाऊन पाहणार’ हेही लिहा.

२. औषधे. रोजच्या गोळ्या किमान दोन आठवडे पुरतील इतक्या घरात असू द्या. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे. वापरात असलेली बाटली सावलीत, ३० अंशांखाली ठेवल्यास साधारण चार आठवडे चालते. बाटलीवरची सूचना वाचावी. वीज गेल्यास ती घट्ट पिशवीत घालून पाण्याच्या माठाशेजारी गारव्याला ठेवा. बर्फाला चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

३. डायलिसिस. वीज गेली तर जनरेटर किती तास चालेल आणि दुसरे जवळचे केंद्र कोणते, हे आपल्या केंद्रात आधीच विचारा. फेरी चुकली तर पाणी किती प्यायचे, कोणती फळे व भाज्या टाळायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

४. पाणी. पुरानंतरचे पाणी चांगली उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरल्यास अर्धा तास थांबून मग प्या.

५. साचलेले पाणी. त्यात उतरावे लागले तर जखम झाकून, बूट घालून उतरा आणि नंतर साबणाने पाय धुवा. लेप्टो टाळण्याची गोळी डॉक्टरांना विचारून लवकरात लवकर, शक्यतो तीन दिवसांच्या आत घ्या. ताप आला तर ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

६. जनरेटर. तो घरात, व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवणेही तितकेच घातक आहे.

७. कागद. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. घराच्या नुकसानीचे फोटो काढा आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात नाव आले आहे का ते स्वतः पाहा.

८. दाखला. आपत्तीच्या काळात घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत नोंद करा. डॉक्टरांना सगळी हकिगत सांगा : वीज किती दिवस नव्हती, कोणते औषध मिळाले नाही, रुग्णवाहिका का पोचली नाही. जे खरे आहे ते कारणांच्या साखळीत लिहावे, अशी विनंती करा. २०२३ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्या.

शेवटचा मुद्दा दुःखाच्या घडीला नकोसा वाटतो. आपले माणूस गेलेले असताना कागदाचा विचार कोण करणार? म्हणून हे काम घरच्यांवर न सोडता वस्तीतल्या एक-दोन जाणत्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. पोर्तो रिकोच्या लोकांना आपली माणसे मोजून घ्यायला जवळजवळ एक वर्ष भांडावे लागले. नाव नोंदवहीत वेळेवर आले, तर आपल्याला ते वर्ष वाचवता येईल.